आधी मागचं दार

"जागा बघायला गेलीस की समोर उभी राहून कौतुक करत बसू नकोस. आधी मागचं दार बघ. समोरचं काय, सगळेच रंगवतात."

यांनी हे सांगितलं तेव्हा ते पलंगावर दोन उशांना टेकून बसले होते आणि मी दाराशी पायांत चपला सरकवत होते. तीस वर्षं यांनी लग्नाच्या हॉलांमध्ये दिव्यांची कामं केली. माळा, झुंबरं, नवरानवरीवर पडणारे झोत. हॉलचा खरा स्वभाव मागच्या दाराशी कळतो, असं यांचं म्हणणं. कडी गंजलीय का, बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, कोपऱ्यातला कचरा किती दिवसांचा आहे. पाहुणे पुढून येतात आणि संकट मागून, असंही म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आता हसलं की उजव्या कुशीत कळ यायची, म्हणून नुसत्या भुवया वर गेल्या.

आमच्या लेकीचं लग्न तेवीस दिवसांवर आलं होतं आणि आमच्याकडे हॉल नव्हता.

म्हणजे होता, चार महिन्यांपूर्वीच ठरवलेला. पण तुळईला तडा गेला म्हणून एका सकाळी त्याच्या दाराला सील लागलं आणि मॅनेजरने फोनवर हळहळ व्यक्त केली. लग्न पुढे ढकला, असं जो तो सुचवत होता. विहीणबाईंनीही सुचवलं, अगदी चांगल्या मनाने. त्यांना मी काय सांगणार? डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं की महिना धरून चालू नका. हे मला ठाऊक होतं, यांना होतं, आणि भाऊजींना, म्हणजे यांच्या धाकट्या भावाला. लेकीला कळू द्यायचं नाही अशी यांची ताकीद होती. तिने थेट विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते, हेही ते जाणून होते. म्हणून ती घरात असली की मी स्वयंपाकघर सोडत नसे.

माझा नेम आहे तो. लेक सातव्या महिन्यात जन्मली. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या पेटीला कपाळ टेकून मी देवाला म्हटलं, ही वाचली तर उभ्या जन्मात खोटं बोलणार नाही. ती वाचली. पाळण्यातलं नाव काहीही असो, यांनी तिला पहिल्या दिवसापासून ठिणगीच म्हटलं. तेव्हापासून पहाटे आणि दिवेलागणीला दिवा, एकशे आठ मण्यांची माळ, आणि संध्याकाळची माळ संपली की दिवसभराचं बोलणं आठवून पाहायचं. कुठे खोटं निसटलं असेल तर ज्याच्याशी बोललं त्याच्यापाशी जाऊन ते मागे घ्यायचं. घेईपर्यंत संध्याकाळचं जेवण नाही. सव्वीस वर्षांत असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकदा शेजारणीच्या नव्या पडद्यांना छान म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगून आले. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. यांना ही गोष्ट इतकी आवडायची की घरी कुणी आलं की चहाच्या आधी सांगत.

पाच दिवस भाऊजींच्या स्कूटरवर बसून मी शहर पालथं घातलं. हॉल, क्लब, शाळांची सभागृहं. सगळीकडे तेच. मॅनेजर वही आमच्याकडे वळवायचा आणि बोट ठेवायचा. चौकोनामागून चौकोन भरलेले. चार महिन्यांनंतरची तारीख देतो, म्हणायचे. भाऊजींचं तोंड चालूच असायचं. "सगळ्यांना याच महिन्यात प्रेम उतू जातं का हो वहिनी? बाकीचे अकरा महिने काय भांडत असतात?" मी हसायचे, कारण हसले नाही की ते रडतील असं वाटायचं. पाचव्या दिवशी एका ठिकाणी मी मॅनेजरपुढे हात जोडले. तो माझ्या लेकीच्या वयाचा. त्याने घाबरून माझे हात धरले आणि मला पाणी दिलं. तारीख मात्र नव्हती.

घरीच लावू या का, असं मी यांना हळूच विचारलं. यांनी मान हलवली. "आजाऱ्याच्या खोलीत माझ्या पोरीचं लग्न नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींवर उजेड पाडला. एकदा माझ्या ठिणगीवर पडलेला बघू दे. मग काय व्हायचं ते होवो."

सहाव्या दिवशी भाऊजींना कामावरून सुटी मिळाली नाही. यांची औषधं आणायला मी एकटीच निघाले. दुपारची वेळ, रस्ता खणलेला, म्हणून गादीवाल्याच्या गल्लीतून आत शिरले. गादीवाला दारात कापूस पिंजत होता. त्याच्या दुकानापलीकडे छापखाना, आणि त्याच्या पलीकडे काचेचं मोठं दार. वर पाटी नव्हती. काचेला आतून एक पुठ्ठ्याची चिठ्ठी चिकटवलेली. बाईमाणसाचं अक्षर. 'कार्यासाठी जागा. तारखेकरिता विचारा', आणि खाली फोन नंबर.

पायरीवर उभी राहून मी फोन लावला.

"तारीख मोकळी आहे," पलीकडून बाईचा आवाज आला. "तुमच्यासाठीच ठेवलीये."

मी अजून तारीख सांगितली नव्हती. हे मला कळलं, नाही असं नाही. पण बुडत्याने काडी तपासून घ्यायची नसते.

दार ढकललं तर उघडंच. आत थंड. फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओली आणि तापलेल्या बल्बचा वास, यांच्या शर्टाला यायचा तसा. समोर मंच, त्यावर उंच पाठीच्या दोन खुर्च्या. खाली पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा. खोळींवर बसल्याच्या खुणा होत्या, जणू माणसं आत्ताच फोटो काढायला उठून गेलीत. सहज एका खुर्चीवर हात ठेवला. ऊब होती. दुपारचं ऊन येत असेल म्हणून मी वर पाहिलं. खिडक्या उत्तरेच्या होत्या.

"दोनशे चाळीस आहेत," मागून आवाज आला.

विहीणबाईंनी दोनशे चाळीसच सांगितले होते.

बाई माझ्याएवढ्याच. अंगावर कार्याला नेसावे तसे भारी कपडे, पण रोज घालून घड्यांवर विरलेले. केस नीट बांधलेले. पायांत काहीच नाही. त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. सकाळी विधी याच मंचावर, दुपारी खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि संध्याकाळचा स्वागतसमारंभही इथेच. माणसांना उन्हातून दुसरीकडे न्यायला नको. स्वयंपाकाची खोली, हात धुवायची जागा, बायकांना तयार व्हायला खोली. मी न विचारताच त्या पुढच्या दाराच्या कडेला घेऊन गेल्या आणि नवा उतार दाखवला. "चाकांच्या खुर्चीसाठी. परवाच केला." सिमेंट वाळलेलं होतं. त्यावर दोन समांतर रेषा उमटल्या होत्या. ओलं असताना कुणीतरी चाकांची खुर्ची नेल्यासारख्या.

मी अनामतीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अनामत घेत नाहीत. शब्द घेतात."

"कसला?"

"इथे नोकर नाही, मॅनेजर नाही. ज्याच्या घरचं कार्य झालं, त्या घरचं एक माणूस पुढच्यांना जागा दाखवायला येतं. पुढचं कार्य पार पडेपर्यंत. माझ्या मुलीचं लग्न झालं, आता मी आहे. तुमचं झालं की तुम्ही." मग जरा थांबून म्हणाल्या, "चिठ्ठीवर तुमचा नंबर येईल. आणि शब्द पुरा करायला याल त्या दिवशी चपला मागच्या दाराशी ठेवायच्या. एवढंच."

मी मुलीच्या लग्नाला किती दिवस झाले असं विचारलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरोखरच केला, ओठ हलले, बोटं मोजली गेली, आणि मग त्या माझ्याकडे बघून ओशाळ्या हसल्या.

एरवी शेजारणीलाही मी विचार केल्याशिवाय शब्द देत नाही. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त हे होते. उशांना टेकलेले, दाराकडे लक्ष लावून बसलेले. मी म्हटलं, येईन.

निघता निघता आठवलं, आधी मागचं दार बघायचं होतं.

मंचाच्या बाजूने एक अरुंद बोळ होता. बाई आल्या नाहीत. टोकाला लाकडी दार, आणि दाराच्या अलीकडे भिंतीलगत चपलांची रांग. बहुतेक बायकांच्या, मध्ये दोन-चार पुरुषांचे बूट. अगदी आतल्या बाजूच्या जोडांचं चामडं वाळून वर वळलं होतं, तसल्या पट्ट्यांच्या चपला मी फक्त माझ्या आईच्या लहानपणीच्या फोटोत पाहिल्यात. पुढे पुढे त्या नव्या होत गेल्या. शेवटचा जोड आजकालच्या दुकानातला. सगळ्यांची टोकं दाराकडे.

कडी गंजलेली नव्हती. वापरातली, गुळगुळीत. मी ती काढली.

दारापलीकडे भिंत होती. विटांची, जुनी, चौकटीला अगदी खेटून. बोट घालायलाही फट नाही. आणि भिंतीपलीकडून कुजबुज येत होती; मोठ्या कार्याला माणसं जमलेली असतात, आत सोडायची वाट बघत असतात, तशी. बांगड्यांचा आवाज होता. कुणीतरी दबक्या आवाजात विचारत होतं, झालं का, झालं का.

मी दार लावलं. कडी घातली. छापखान्याचं यंत्र असेल, असं स्वतःला सांगितलं. स्वतःशी बोललेलं नेमात धरत नाहीत.

घरी आले तेव्हा हे जागेच होते. मी सांगितलं, हॉल मिळाला. ते माझ्याकडे बघत राहिले. गादीवाल्याच्या गल्लीत, म्हटल्यावर भुवया जुळल्या. या शहरात ज्याच्या छताला यांचा हात लागला नाही असा हॉल नाही, आणि गादीवाल्याच्या गल्लीत यांनी कधी शिडी नेली नव्हती. नवा असेल, असं स्वतःच म्हणाले. मग विचारलं.

"मागचं दार बघितलंस?"

"बघितलं."

"कसं आहे?"

लेक तेवढ्यात पाणी घेऊन आत आली होती. तिच्या चेहऱ्यावर पाच दिवसांनी पहिल्यांदा रंग होता.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी माळ संपली आणि मी जेवायला बसले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मागे घ्यायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे हॉल हातचा घालवायचा. डोकं दुखतं असंही म्हणता येईना, कारण ते दुसरं खोटं झालं असतं. मी फक्त ताट वाढून घेत नसे. लग्नाच्या गडबडीत कोण बघतं?

पुढचे सतरा दिवस कसे गेले ते मला एकत्र आठवत नाही. पत्रिकांवर नवा पत्ता चिकटवला. भाऊजी दोनदा हॉल बघायला गेले, एकदा दार बंद होतं, एकदा गल्लीच सापडली नाही म्हणाले, "पण माझं काय, मी स्वतःच्या घरी जातानाही चुकून शेजाऱ्याकडे शिरतो." हे दर दिवशी थोडे कमी होत होते. आवाज आधी गेला, मग भूक. फक्त बोटं चालायची, पांघरुणावर, वायर गुंडाळल्यासारखी. एका पहाटे श्वास इतका अडला की मी देवाला म्हटलं, फक्त त्या दिवसापर्यंत. माझं काय हवं ते घे.

देवाला म्हटलं होतं. ऐकलं कुणी, ते मला सांगता येत नाही.

लग्नाच्या सकाळी यांना ताप नव्हता. स्वतःहून दाढी करून मागितली. जावयाने आणलेले नवे काळे बूट घालून घेतले. आत मोजे मात्र जुने राखाडी, उजव्या अंगठ्याशी मी निळ्या दोऱ्याने रफू केलेले, कारण नवे त्यांना टोचत. भाऊजींनी चाकांची खुर्ची उतारावर चढवली आणि चाकं त्या दोन रेषांत जाऊन बसली. इकडे केसभर नाही, तिकडे नाही. भाऊजी म्हणाले, काय माप आहे.

मी बाकी काय सांगू? ते सुंदर झालं. ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. वरच्या दिव्यांचा उजेड मधासारखा होता, डोळ्यांत न जाणारा, आणि ठिणगी मंचावर उभी राहिली तेव्हा तो जणू तिची वाट बघत थांबला होता. हे पहिल्या रांगेत. त्यांनी मान वर केली, एकेक दिवा पाहिला, आणि मग तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, तिला आलं. ती वाकून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून राहिली, आणि विहीणबाई तोंड फिरवून रडल्या, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

संध्याकाळचे पाहुणे ओसरू लागले तेव्हा त्या बाईंनी मला बाजूला घेऊन पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन हातात दिलं. मी माझा नंबर लिहिला. त्यांनी तो काचेला लावला, जुना काढून घडी करून मुठीत घेतला. त्यांचा चेहरा दिवसभर काम केलेल्या बाईला घरी जा म्हटल्यावर होतो तसा झाला होता.

वळून पाहिलं तर यांची खुर्ची जागेवर नव्हती.

भाऊजी दाराशी पाहुण्यांना निरोप देत होते. लेक फोटोत. कुणीच यांना नेलं नव्हतं.

बोळातून गार हवा येत होती.

खुर्ची मागच्या दाराच्या तोंडाशी होती आणि दार उघडं. हे भिंतीकडे बघत होते. कुजबुज आता मोठी होती, अगदी विटेपलीकडे.

"एकोणीस दिवस," ते म्हणाले. आवाज आठवड्यापूर्वी गेला होता. आता स्वच्छ होता. "संध्याकाळचं एकोणीस दिवस जेवली नाहीस. मी म्हटलं, एवढं मोठं खोटं कोणतं? मग आठवलं, तू माझ्यापाशी एकाच गोष्टीला चांगलं म्हटलं होतंस."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. शब्द, चपला, पुढचं कार्य पार पडेपर्यंत. ते ऐकत राहिले. हात माझ्या डोक्यावर होता, बोटं हळूहळू हलत होती.

"अगं, ठिणगी शोधत असेल," ते म्हणाले. "जा, मला पाणी आण. आणि बाईंना पाठव."

मी गेले. पाणी घेऊन आले तेव्हा दार बंद होतं. बाई नव्हत्या. यांची खुर्ची बोळाच्या अलीकडे वळलेली, आणि पायांत नुसते मोजे.

"बूट चावत होते," ते म्हणाले. "बोललो मी त्यांच्याशी. तुझा शब्द सुटला. मोकळी झालीस."

मी ऐकलं आणि मानलं. त्या संध्याकाळी एकोणीस दिवसांनी जेवले. हे पलंगावरून बघत होते, शेवटचा घास जाईपर्यंत.

खोटं न बोलण्याचा नेम माझा होता. यांचा नव्हता.

नऊ दिवसांनी हे गेले. झोपेत, कळ न येता. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काढले हेच नवल.

त्याला आज सोळा दिवस झाले. ठिणगी माझ्या सोबतीला येऊन राहिली आहे. आज दुपारी आम्ही यांचे कपडे घड्या करून ठेवत होतो. रफू केलेले मोजे सापडले नाहीत. धुण्यात असतील, ती म्हणाली. मी स्वतः घातले होते ते यांच्या पायांत, शेवटच्या दिवशी.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पुरुषाचा आवाज, घोगरा, खूप ठिकाणी हिंडून आलेला. भाचीच्या लग्नासाठी हॉल बघतोय म्हणाले. तिची आई रुग्णालयात आहे, दिवस कमी आहेत. मग म्हणाले, माफ करा, सकाळी एवढं बोलणं होऊन पुन्हा त्रास देतोय. तारीख नक्की धरायची ना, एवढंच विचारायचं होतं.

मी विचारलं, सकाळी कुणाशी बोललात?

"याच नंबरवर. गृहस्थ होते. म्हणाले, तारीख मोकळी आहे, तुमच्यासाठीच ठेवलीये. मग त्यांनीच जागा दाखवली. फार सज्जन माणूस. प्रत्येक दिव्याखाली थांबून बोटाने टिचकी मारून बघत होते. थकल्यासारखे वाटले मात्र. उजवी कूस धरून चालत होते, आणि पायांत नुसते मोजे. अंगठ्याशी निळा दोरा. आमच्या आईने शिवल्यासारखा, म्हणून लक्षात राहिला."

मी हातातला शर्ट घडी न करताच खाली ठेवला.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मी म्हटलं, मागची बाजू पण बघून घेतो. तर अगदी काकुळतीला आले. म्हणाले, मागचं दार बघू नका. समोरूनच बघा, समोरून फार छान आहे. तिकडे काही पडझड वगैरे आहे का?"

फोन ठेवल्यावर मी कॉलची यादी पाहिली. सकाळचा तो कॉल होता. उचललेला, चार मिनिटांचा. त्या वेळी फोन माझ्या शेजारी पाटावर होता आणि मी माळ घेऊन बसले होते.

शब्द माझा होता. यांनी बूट ठेवले म्हणून तो यांचा होत नाही.

आता दिवेलागणीला अवकाश आहे. दिवा आज लवकरच लावला, माळ केली, दिवसाचं बोलणं आठवून पाहिलं. त्यात खोटं नव्हतं. मग हे लिहायला बसले. बुटांचं रिकामं खोकं कपाटावरून काढून दाराशी ठेवलं आहे. ठिणगीने मगाशी विचारलं, कुठे निघालीस गं? मी म्हटलं, बाबांचे बूट हॉलवर राहिलेत, ते सोडवून आणायचेत. ती म्हणाली, मग काकांना सांग ना, स्कूटरवरून पटकन आणतील. मी म्हटलं, माझंच काम आहे ते. मग तिने विचारलं, कधी येशील? मी दिव्यात तेल घातलं, काठोकाठ, आणि तो विझू देऊ नकोस एवढंच सांगितलं.

लग्नात तिने माझ्यासाठी घेतलेल्या नव्या चपला कोनाड्यात आहेत. त्या तशाच ठेवल्या. पायांत जुन्याच घालते आहे. पट्टा सैल आहे, काढायला सोप्या.